कचऱ्याची पट्टी सगळ्यांना सारखी कशाला?

कचऱ्यासाठी वेगळं शुल्क लावायचा विषय निघाला की कुठल्याही शहरात दोन ठरलेल्या फळ्या पडतात, आणि सांगली त्याला अपवाद नाही. एक फळी म्हणते, घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, आता कचऱ्याचेही पैसे मागता? एक दमडी मिळणार नाही. दुसरी म्हणते, लोकांना शिस्तच नाही, दंडाचा बडगा दाखवल्याशिवाय सुधारायचे नाहीत. मग निवेदनं, सभागृहात गोंधळ, आणि शेवटी मुंबईहून स्थगिती. पिंपरी-चिंचवडला घरामागे महिना 60 रुपयांचं शुल्क आलं तेव्हा हेच झालं. ओरड झाली, शासनाने स्थगिती दिली आणि दोन्ही बाजूंना आपणच जिंकल्यासारखं वाटलं. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी धड विचारलाच नाही. ओला कचरा एका बादलीत, सुका दुसऱ्या पिशवीत आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळं देणारं घर, आणि खरकट्यापासून फुटक्या बल्बपर्यंत सगळं एका काळ्या पिशवीत कोंबून गाडीत भिरकावणारं घर, या दोघांना 60 रुपयेच का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शुल्क असावं, पण सरसकट नसावं. वेगळा करून देणाऱ्याला ते जवळजवळ माफ असावं, न करणाऱ्याला पुरतं पडावं. आणि घंटागाडी आलीच नाही, किंवा घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एक झाला, तर त्या महिन्याचं शुल्क मागायचा हक्क पालिकेने गमवावा. हे तिसरं कलम गाळून कुणी पहिली दोन पुढे केली, तर मीही 'एक दमडी देणार नाही' म्हणणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहीन.

पहिल्या फळीचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यात दम आहे. घरपट्टीत सफाईचा पैसा आधीच धरलेला असतो, हे खरंच आहे. पण म्हणून कचरा आज फुकट उचलला जातो असं मात्र नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा करणाऱ्याकडून शुल्क घ्यायची तरतूद केली, ती काही कुणाच्या डोक्यात सहज आलेली कल्पना नव्हती. त्यामागे 1996 पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेली अल्मित्रा पटेल यांची याचिका आहे, 2000 सालचे नियम आहेत, आणि देशभर शहरांच्या वेशीवर उभे राहिलेले डोंगर आहेत. सांगलीचा कचरा समडोळी रस्त्याला जातो, मिरजेचा बेडग रस्त्याला. शहरात राहणाऱ्याच्या दृष्टीने गाडी कोपऱ्यावरून वळली की विषय संपला. पण डेपोशेजारी ज्याचं रान आहे, त्याच्या दृष्टीने तो तिथे सुरू होतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या गाड्या पुन्हा पुन्हा अडवल्या, त्या हौसेने नव्हे. शहराने जे बिल भरलं नाही ते त्यांच्या विहिरींनी भरलं होतं. तेव्हा 'पैसे द्यायचे की नाही' हा वादच खोटा आहे. पैसे दिले जातातच. ते कुणाच्या खिशातून जातात आणि त्यातून कुणी काही शिकतं का, एवढंच आपल्या हातात आहे.

सरसकट आकारणीतून कुणी काही शिकत नाही, हे आपल्या जिल्ह्याला तरी नव्याने सांगायला नको. सत्तरच्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर वीजबिल आलं. नदीच्या आणि कालव्याच्या पाण्याची पट्टी पिकावर आणि क्षेत्रावर. मोटर दोन तास चालवा नाहीतर रात्रभर, बिल तेवढंच. मग कोण उठून मोटर बंद करतो? उसाला पाटाने पाणी सोडून द्यायचं आणि झोपायचं. कृष्णाकाठच्या मिरज, पलूस, वाळव्यातली कितीतरी सोन्यासारखी जमीन क्षारपड झाली. काळी भारी जमीन, निचऱ्याचा अभाव ही कारणंही त्यात आहेतच, पण जास्त पाण्याला जास्त दाम नव्हता हे कारण कुणी नाकारू शकणार नाही. आणि त्याच जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट पाहत बसले. एका टोकाला पाण्याने जमीन मेली, दुसऱ्या टोकाला पाण्यावाचून माणसं गाव सोडून गेली. ज्याने जपून वापरलं त्याला काही मिळालं नाही, ज्याने उधळलं त्याचं काही गेलं नाही. आता कचऱ्याच्या बाबतीत तेच 'सगळ्यांना सारखं' आणायचं आणि त्याला समता म्हणायचं?

विरोधातला सगळ्यात टोकदार आक्षेप मात्र सरसकट शुल्काबद्दल नाहीच, तो माझ्या मताबद्दल आहे, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. कचऱ्यावर किंमत लावली की कचरा कमी होत नाही, दुसरीकडे जातो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल या लहान शहराने 1992 मध्ये कचऱ्याच्या दर पिशवीला 80 सेंट लावले. दोन अर्थशास्त्रज्ञांनी 75 घरांचा कचरा आधी आणि नंतर मोजला. पिशव्यांचं आकारमान 37 टक्क्यांनी घटलं, वजन मात्र अवघं 14 टक्क्यांनी. म्हणजे लोकांनी पायाने दाबून दाबून कचरा भरला! आणि जी काही घट दिसली तिच्यातली 28 टक्क्यांपर्यंत घट ही चोरून कुठेतरी टाकल्याची असू शकते, असा त्यांचा अंदाज होता. तिथे हे झालं तर इथे काय होईल? मोकळे प्लॉट आहेत, शेरीनाला आहे, रात्री कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर गाडी बाजूला घेऊन कठड्यावरून पिशवी सोडायला कितीसा वेळ लागतो? 2019 च्या महापुरानंतर शहरात रस्तोरस्ती जो चिखल-कचऱ्याचा खच पडला होता, तो ज्यांनी उपसला त्यांना नाल्यात गेलेली पिशवी कुठून कुठे येते हे सांगायला नको.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण तो नेमका कशावर आहे ते नीट पाहा. तो पिशवीमागे पैसे घेण्यावर आहे. पिशवीला किंमत असेल, तर पिशवी नाल्यात फेकणाऱ्याचे पैसे वाचतात. आता हेच उलटं करा. शुल्क प्रत्येक घराला मुळात पूर्ण लागू. त्यातून सूट हवी तर दारावर आलेल्या गाडीला ओल्या कचऱ्याची वेगळी बादली द्यायची. मग नाल्यात फेकणाऱ्याला काय मिळालं? काहीच नाही, उलट त्याच्या घरापुढे 'दिला नाही' अशी नोंद झाली आणि शुल्क पुरतं पडलं. पहिल्या पद्धतीत फेकणं फायद्याचं, दुसऱ्या पद्धतीत देणं फायद्याचं. किती किलो दिला हे मोजायचंच नाही, वेगळा दिला का एवढंच बघायचं. अर्धा द्यायचा आणि अर्धा फेकायचा, असं कुणी करेल का? करेलही. पण गाडी दारात येऊन कितीही कचरा त्याच दरात नेत असताना उरलेला अर्धा घेऊन पुलापर्यंत जायची तसदी घेणारा माणूस विरळाच, आणि त्याच्यासाठी दंड आहेच की.

सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट आठवा. ती बाटली कुणी रस्त्यावर फोडून टाकत नसे, पोरं ती दुकानात परत नेऊन पैसे मागत. याच शासनाने 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे किमान 50 पैसे परत द्यायची तरतूद केली होती. कल्पना चांगली होती. तुमच्या दूधवाल्याने तुम्हाला कधी 50 पैसे परत केले? मलाही नाही. परतावा कागदावर राहिला, की तो नसल्यासारखाच.

दक्षिण कोरियाचं उदाहरण या विषयात हमखास दिलं जातं. तिथे 1995 पासून कचऱ्याच्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, 2005 पासून अन्नाचा कचरा जमिनीत पुरायला बंदी आहे, आणि पुढे इमारतींखाली कार्ड दाखवून वजन करणारे डबे आले. कौतुकाचंच आहे. पण तिथली पद्धत जशीच्या तशी उचलायची म्हणजे पिशवीवर किंमत, म्हणजे पुन्हा तोच पूल. शिवाय आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्यांच्या डब्याकडे नाही. आपल्याकडे कचरा घ्यायला माणूस येतो. सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की गल्लीतल्या बायका बादली घेऊन दाराशी येतात, आणि गाडीवरची बाई बादली हातात घेताक्षणी ओळखते. चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, देवाची फुलं एवढंच असेल तर बादली थेट उलटी. नारळाच्या शेंडीखाली दुधाची पिशवी लपवलेली असेल तर तिचा हात आत जातो, पिशवी बाहेर येते, आणि 'काय ताई?' एवढं म्हणून ती पुढे जाते. यापेक्षा चांगला मोजणारा काटा कुठल्या कंपनीकडे मिळणार आहे? बऱ्याच शहरांत दारावर क्यूआर कोडचे बिल्ले लागलेत ते गाडी आली की नाही हे नोंदवायला. त्याच नोंदीत अजून एक खूण करायची. ओला वेगळा, हो किंवा नाही.

इथे लगेच कुणी म्हणेल, मग त्या बाईच्या हातात किती सत्ता आली! 'असू दे की गं, रोजचीच ओळख आहे' पासून हातावर दहा रुपये टेकवण्यापर्यंत सगळं होणार. होऊ शकतं. पण ते होऊ नये अशी रचना पुण्यात तरी उभी राहिलेली आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये स्थापन झाली, तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. त्यातल्या बाया घरोघरचा कचरा घेतात, घरटी महिन्याचे पैसे घेतात, आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारा पैसा त्यांचा असतो. ज्या बाईचं उत्पन्न कोरड्या पुठ्ठ्यावर आहे, ती खरकट्याने भिजलेल्या पुठ्ठ्याकडे डोळेझाक का करेल? तिची नजर आणि शहराचं हित एका दिशेला लावता येतं. ठेकेदाराला टनावर पैसे दिले की मात्र उलटं होतं, कारण टन वाढले तर त्याचंच बिल वाढणार.

एका जुन्या गोष्टीकडे इथे वळायला हवं, कारण 'डेपोवर मशीन लावू आणि तिथेच वेगळं करू' हे वाक्य मला फार अस्वस्थ करतं. एकोणिसाव्या शतकात पुणे, नाशिकसारख्या नगरपालिका मैल्यात राख मिसळून सोनखत करत आणि उसाच्या शेतकऱ्यांना विकत. घाणीतून उत्पन्न, शेताला खत, वाया काही नाही! आजच्या पर्यावरणवाद्यांनी टाळ्या वाजवाव्यात असा व्यवहार. फक्त तो मैला डोक्यावरून कोण वाहत होतं? मुंबई इलाख्यात त्यासाठी 'हलालखोर पट्टी' नावाचा कर होता, आणि शहर ती पट्टी भरून मोकळं होत असे. पैसे दिले, आता त्या हातांशी आमचा संबंध नाही. डोक्यावरून मैला वाहायला लावण्याविरुद्ध कायदा यायला 1993 साल उजाडलं, आणि तो पुरेना म्हणून 2013 मध्ये दुसरा करावा लागला. आज मिसळलेला, कुजलेला कचरा मशीनच्या पट्ट्यावरून सरकत असतो आणि त्यातून हाताने प्लास्टिक उचलणारी माणसं कुठल्या वस्त्यांतून येतात ते जाऊन बघा. मशीनच्या अलीकडेही हात आहेत आणि पलीकडेही. सॅनिटरी पॅड, सुया, फुटक्या काचा त्याच हातांना लागतात. म्हणून घरात वेगळं करणं ही पर्यावरणाची हौस नाही. आपली घाण आपण आपल्या ओट्याजवळ हाताळायची, की पट्टी भरून दुसऱ्याच्या हातात द्यायची, असा तो सरळ प्रश्न आहे. सरसकट शुल्क ही नवी हलालखोर पट्टी आहे. पैसे टाका आणि विसरा.

'कर्तव्य करायला पैसे कशाला द्यायचे?' हा तात्त्विक आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण करणाऱ्या घरांना मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत मिळते, तिला लाच म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या अंजनीच्या आर. आर. आबांनी ग्रामविकासमंत्री असताना 2000 साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, ते बक्षिसाचंच होतं. गावंच्या गावं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली. त्यांचं कर्तव्य बक्षिसाने बाटलं का? त्या अभियानाची मर्यादा निराळी होती. समिती येण्याआधी गाव लख्ख, आणि बक्षीस मिळाल्यावर बऱ्याच ठिकाणी पुन्हा उकिरडा जागच्या जागी. वर्षातून एकदा मिळणारं बक्षीस आणि दर महिन्याच्या बिलात दिसणारी सूट यात हाच फरक आहे. आणि 'आपल्या लोकांना जमायचं नाही' म्हणणाऱ्यांनी लांब कोरियाला जाऊ नये, कराडला जावं. एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलं, 2022 मध्ये पाचगणी. ज्यांच्या पाण्याची चवही आपल्यापेक्षा वेगळी नाही, अशा माणसांचीच ती शहरं आहेत.

गरिबांचा मुद्दा मात्र पोटतिडकीने मांडला जातो, आणि तो तसाच घ्यायला हवा. सांगलीच्या खणभागातल्या दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, तिथे तीन डबे ठेवायचे कुठे? पण त्याच घरात बघा. रद्दी विकली जाते, बाटल्या भंगारवाल्याला जातात, उरलेली भाकरी शेजारच्या शेळीला. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे खोके, थर्माकोल, पार्टीनंतरच्या प्लेटा विश्रामबागेतल्या बंगल्यातून निघतात. सारखं शुल्क कुणाला जड जातं आणि कुणाला कळतही नाही? सुटीची पद्धत आली तर पहिले लाभार्थी हेच दोन खोल्यांचे लोक असतील. खरी अडचण भाडेकरूंची आहे. घरपट्टी मालकाच्या नावाची. म्हणजे बादल्या वेगळ्या करायच्या भाडेकरूने आणि सूट घ्यायची मालकाने. तेव्हा हे शुल्क घरपट्टीला चिकटवूच नये, राहणाऱ्याच्या नावाने वेगळं काढावं. चाळीत आणि अपार्टमेंटमध्ये, जिथे एकाच पिंपात सगळ्यांचा कचरा पडतो, तिथे सूट पूर्ण इमारतीला द्यावी. चौथ्या मजल्यावरचा एक आडमुठा सगळ्यांची सूट घालवेल, हे कबूल. पण त्याला समजावायला सोसायटीच्या चेअरमनइतका योग्य माणूस नाही. पार्किंगच्या रेघा ज्याने आखल्या, तो हेही करेल.

हिशेबाचा प्रश्नही उरतो. सगळेच वेगळं करायला लागले आणि सगळ्यांनाच सूट मिळाली तर पालिकेला काय उरणार? गाड्यांचं डिझेल, माणसांचे पगार तर थांबत नाहीत. म्हणून शुल्काचे दोन भाग हवेत, विजेच्या बिलात स्थिर आकार असतो तसा एक छोटा आणि कायम, दुसरा मोठा आणि वागण्यावर ठरणारा. समजा महिन्याचे 60 असतील, तर 15 सगळ्यांना आणि 45 फक्त मिसळून देणाऱ्यांना. शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. तो स्वच्छ मिळाला तर त्याचं खत होतं, गॅस होतो. इंदूरमध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प 2022 पासून आहे, आणि तो चालतो कारण घराघरातून ओला वेगळा येतो. मिसळलेला कचरा मात्र फक्त साठतो, आणि उन्हाळ्यात पेटतो.

सुरुवात घरांपासून करूही नये. रोज 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांवर 2016 च्या नियमांनीच वेगळी जबाबदारी टाकली. मंगल कार्यालयं, मोठी हॉटेलं, मार्केट यार्ड, मॉल आधी घ्या. लग्नाच्या हंगामात एका कार्यालयातून एका दुपारी जेवढ्या पत्रावळ्या आणि अन्न निघतं, तेवढं एका गल्लीतून आठवड्यात निघत नसेल. त्यांच्याकडून पूर्ण शुल्क घेऊन दाखवा, मग खणभागात या. त्यानंतर सांगलीतला एक, मिरजेतला एक आणि कुपवाडचा एक असे तीन प्रभाग घेऊन सहा महिने करून बघा. बिलावर तीन ओळी छापा. या महिन्यात गाडी किती दिवस आली. तुमच्या घराने किती दिवस ओला वेगळा दिला. त्यावरून शुल्क किती. पहिल्या ओळीतला आकडा पुरा नसेल, तर तिसऱ्या ओळीत शून्य.